तानपुरा ऐकू आला नाही तेव्हा: पहिल्या कार्यक्रमाची नोंद

शनिवारी आमच्या परिसरातल्या संगीत महोत्सवात २० मिनिटं गायले. चार वर्षं शास्त्रीय गाणं शिकतेय, पण माझ्या गाण्याच्या बाईंच्या खोलीबाहेर, माइकवर, अनोळखी श्रोत्यांपुढे गाण्याची ही पहिलीच वेळ. ध्वनिमुद्रण आतापर्यंत तीनदा ऐकलं आणि वहीत दर मिनिटाची टिपणं काढली. तुमच्यापैकी कुणी पहिल्या कार्यक्रमाची तयारी करत असेल तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

राग भूप घेतला. माझी वेळ संध्याकाळी साडेसातची, म्हणजे रात्रीचा पहिला प्रहर, भूपाचीच वेळ. विलंबित (अगदी संथ लयीचा) ख्याल बाईंनीच गाळायला लावला. विलंबित एकतालात २० मिनिटांत तालाची मोजकीच आवर्तनं हाती लागतात, आणि माझ्या बढतीला (राग हळूहळू खुलवण्याला) अजून तेवढा धीर नाही. म्हणून दोन मिनिटं आलाप, मग दहा मात्रांच्या झपतालातली मध्यलयीची बंदिश ११ मिनिटं, उरलेल्या ७ मिनिटांत द्रुत तीनताल. सहा आठवडे रोज हाच आराखडा घड्याळ लावून गायले.

पट्टी, म्हणजे माझ्या षड्जाची (सा) उंची, काळी चार: हार्मोनियमची चौथी काळी पट्टी. हे तबलेवाल्यांना दहा दिवस आधी कळवलं होतं आणि ते बरं झालं, कारण दायाँ (उजव्या हाताचा तबला) त्या षड्जाला जुळणारा हवा. एखादा स्वर खालीवर हातोडीने करता येतो, त्याहून जास्त फरक असेल तर दुसरा तबलाच आणावा लागतो. घसा बसला तर पांढऱ्या पाचवर उतरायचं, असंही आधीच ठरवून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिला षड्ज लावला आणि मला तानपुरा ऐकूच येईना.

साउंड चेकला तो व्यवस्थित ऐकू येत होता. पण तेव्हा मैदान रिकामं होतं, तबला बंद होता आणि पेटी (हार्मोनियम) हळू वाजत होती. कार्यक्रम सुरू झाल्यावर मुख्य स्पीकर श्रोत्यांकडे तोंड करून. त्यांच्या मागे बसलेल्या गायकापर्यंत खालचे, घुमणारे आवाजच तेवढे वळून येतात. वरचे बारीक आवाज सरळ पुढे जातात. तानपुऱ्याचा सगळा प्राण त्या जवारीत, तारेच्या वरच्या स्वरांत असतो. तो समोर बसलेल्यांना मिळत होता आणि माझ्यापर्यंत डग्ग्याची (डाव्या हाताच्या तबल्याची) घुमच येत होती. माझ्यासमोरच्या मॉनिटरमध्ये (गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) माझा आवाज आणि पेटी होती. तानपुरा त्यात नावापुरता होता, आणि तो वाढवून मागायचं मला सुचलं नाही.

याचे दोन परिणाम ध्वनिमुद्रणात स्पष्ट कळतात. पहिला म्हणजे मी गरजेपेक्षा मोठ्याने गायले. भोवती गलका असला की माणूस आपोआप आवाज चढवतो, तसंच हे झालं. आवाज चढवताना सूरही किंचित चढला, आणि तिसऱ्या मिनिटालाच गळ्यावर ताण जाणवायला लागला.

दुसरा परिणाम गंधाराचा (ग). भूपात वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, सगळा राग त्याच्यावर उभा. तानपुऱ्याच्या खर्जाच्या (सर्वांत खालच्या षड्जाच्या) तारेतून एक गंधार आपोआप उमटतो, आणि घरी मी रोज त्याच गंधारात आवाज मिसळते. पेटी मात्र सप्तकाच्या सारख्या बारा भागांत जुळवलेली असते. तिचा गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर धरलं तर). आकडा लहान वाटेल, पण लांब न्यासाला (स्वरावर थांबताना) कानाला टोचतो. तानपुरा नाहीसा झाल्यावर माझा गंधार पेटीकडे सरकला. मुद्रणात तानपुरा आणि मी दोघेही स्वच्छ ऐकू येतो, त्यामुळे हे अंतर लपत नाही. पेटीवाल्यांचा यात काहीच दोष नाही, त्यांनी फार समजुतीने साथ केली. मी कुणाकडे कान देत होते, एवढाच प्रश्न आहे.

सातव्या मिनिटाच्या आसपास मी आवाज हळू केला. ठरवून नव्हे, गळा थकला म्हणून. आणि तेव्हाच स्वतःचा आवाज आतून, हाडांतून ऐकू यायला लागला. खालच्या सप्तकातल्या, मंद्र धैवतावरून (ध) षड्जावर आले तो क्षण मी पुन्हा पुन्हा ऐकतेय. सूर तिथे खरोखर लागलाय. तिथून झपतालाचा शेवटपर्यंतचा भाग मला आवडला, हे मनापासून लिहिते. मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) ‘खाली’पासून, म्हणजे सहाव्या मात्रेपासून उठतो, आणि सलग चार आवर्तनं तो समेवर (पहिल्या मात्रेवर) अलगद आला. समोरून दाद आली. आपल्या गाण्याला अनोळखी माणसाकडून आलेली ती पहिली दाद.

एका जागी मात्र धैवतावर फार रेंगाळले. बाई ऐकताच म्हणाल्या, "इथं देसकार डोकावला गं." देसकार रागाचे सूर तेच पाच, पण त्याचा वादी धैवत. तिथे मुक्काम वाढवला की भूप हातचा जातो. घरी ही चूक माझ्याकडून होत नाही. मंचावर धैवत सहज लागत होता म्हणून मी त्याचा आसरा घेतला.

दोन बंदिशींच्या मध्ये तबला उतरला होता. संध्याकाळी हवेत ओल आली की पुडी (तबल्याचं कातडं) सैलावते. तबलेवाले हातोडी घेऊन तो चढवत होते, तेव्हाचे पंधरा-वीस सेकंद मी नुसती बसून राहिले आणि आधीचा सगळा रंग निवून गेला. त्या वेळात मी शांतपणे षड्ज भरत राहायला हवं होतं. तबलेवाल्यांनाही जुळवायला आधार झाला असता.

द्रुताची लय मीच हाताने दिली. घरी ही बंदिश मिनिटाला २३० मात्रांच्या लयीत गाते. मुद्रण मोजलं तर लय २७० निघाली! छाती धडधडत असताना नेहमीची लय संथ वाटते, असं ऐकलं होतं, आता अनुभवलं. दुगुणीच्या (मात्रेला दोन सुरांच्या) तानेत २३० ला सेकंदाला पावणेआठ सूर बसतात, २७० ला नऊ. माझा गळा नवाचा नाही. पहिल्या दोन ताना पुसट गेल्या, मग मी लांब ताना सोडून मुखड्याला जोडलेल्या छोट्या ताना घेतल्या. तबलेवाल्यांनी ते लगेच ओळखलं आणि ठेका साधा ठेवला. पुढच्या वेळी लय देण्याआधी मनातल्या मनात मुखडा एकदा पूर्ण म्हणायचा, मगच हात उचलायचा.

माइकबद्दल थोडं. चार बोटांचं अंतर ठेवलं होतं. जवळ गेलं की आवाज खालून जड होतो, आणि मान वळवली की सूरच नाहीसा होतो. मींड घेताना (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना) माझी मान डावीकडे जाते, हे मला मुद्रणातच कळलं.

रविवारपासून रियाजात एक बदल केलाय. भूपाचा आलाप सुरू करून दुसऱ्या मिनिटाला तानपुरा बंद करते, दोन मिनिटं तसंच गाते, मग षड्जावर थांबून तो पुन्हा चालू करते. बाईंनी यात एक भर घातली: मधल्या दोन मिनिटांत पेटीची ध्वनिफीत मोठ्याने लावायची, म्हणजे मंचावरची परिस्थिती तयार होते. आणि पुढच्या कार्यक्रमाला छोटी इलेक्ट्रॉनिक तानपुरा पेटी स्वतःची न्यायची, ती खांद्यामागे, कानाच्या उंचीवर ठेवायची.

आज पाचवा दिवस. पाच फेऱ्यांत तानपुरा परत चालू केला तेव्हा चार वेळा षड्ज जागेवर मिळाला. गंधार मात्र पेटी वाजत असताना अजून वर सरकतो.