पॅनेलवरचा तिसरा माणूस

इंग्लंडमध्ये नर्सची नोंदणी चार शाखांत होते. त्यातली चौथी बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीची; इथे तिला लर्निंग डिसॅबिलिटी नर्सिंग म्हणतात. आमच्या हॉस्पिटलसाठी या शाखेतली माणसं शोधणं हे माझं काम. बाकीच्या वॉर्डांना भारतातून, फिलिपिन्समधून नर्सेस मिळतात. इथे तो रस्ता जवळजवळ बंदच, कारण या शाखेची वेगळी पदवी ब्रिटन-आयर्लंडबाहेर सहसा मिळतच नाही. त्यात 2017 मध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मिळणारी बर्सरी, म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती, गेली. या कोर्सला येणारे बरेचजण घरसंसार सांभाळून शिकणारे. त्यांनी आधी पाठ फिरवली. 2020 पासून पुन्हा वर्षाला 5,000 पौंड मिळू लागले, या शाखेला वर आणखी 1,000. पण तोवर काही विद्यापीठांनी कोर्स गुंडाळले होते.

त्या दिवशी मुलाखतीला बोलावलेल्यांपैकी एकच बाई आल्या. पॅनेलवर मी, मेट्रन आणि डाउन सिंड्रोम असलेले एक गृहस्थ. त्यांना शोभेसाठी बसवत नाही. मानधन मिळतं, गुणही तेच देतात. त्यांनी चित्रं काढलेलं कार्ड समोर धरलं. ‘‘मला दुखतंय आणि सांगता येत नाही. तुम्हाला कसं कळणार?’’

‘‘तुमचा हॉस्पिटल पासपोर्ट वाचेन,’’ बाई म्हणाल्या. म्हणजे पेशंटच्या सवयी, गरजा लिहिलेली पुस्तिका.

‘‘मागच्या वेळी दिला होता. कुणी वाचला नाही.’’

मेट्रन टेबलाकडे बघू लागल्या. बाईंनी मात्र सारवासारव केली नाही. ‘‘मग आत्ताच सांगा. दुखतं तेव्हा तुम्ही काय करता?’’

‘‘चहा नको म्हणतो.’’

बाईंनी ते लिहून घेतलं. मग केअर होममधला एक किस्सा सांगितला. तिथला एकजण स्वतःच्या गालावर मारून घ्यायचा, आणि ‘त्याचं वागणंच तसं’ म्हणून सगळे सोडून द्यायचे. शेवटी दाढेत पू निघाला. आमच्या गृहस्थांनी त्यांना पैकीच्या पैकी दिले.

मग बाईंनी आम्हाला विचारलं, ‘‘एवढ्या हॉस्पिटलला अशा नर्स किती?’’

‘‘एक. तुम्हीच.’’

‘‘आणि मी रजेवर असले तर?’’

आधीची नर्स याच कारणाने सोडून गेली होती. पेशंटना कंटाळून नव्हे. एकटीने सगळ्या वॉर्डांत पळायचं, वर बढतीची पायरीच नाही, म्हणून. मी ते लपवलं नाही. बाईंनी अट घातली: जोडीला निदान अर्धवेळ नर्स हवी, आणि दर महिन्याला अनुभवी वरिष्ठाबरोबर केसेसवर बोलायला राखीव वेळ. दुसरी गोष्ट माझ्या हातात होती, ती तिथेच कबूल केली. पहिलीसाठी फायनान्सच्या दारात बसले. अर्धी जागा मंजूर झाली, तीही एका वर्षापुरतीच. तसं कळवल्यावर बाईंनी ऑफर लेटरवर सही केली.