लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला आणि लेक्चर्स बंद पडली, माझा अनुभव

मी सांगलीची, सीए इंटर, म्हणजे सीएची मधली परीक्षा करतेय, ग्रुप टू, म्हणजे पेपरांचा दुसरा गट राहिलाय. कॉस्टिंगची लेक्चर्स पेनड्राइव्ह मोडमध्ये घेतली होती, कारण पुण्यात जाऊन बॅच करायची म्हणजे कॉटबेसिसचं भाडं, मेस, सगळंच आलं आणि घरचं नेट पाऊस आला की आधी जातं. पार्सल आलं तेव्हा पप्पांनी तो पेनड्राइव्ह हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, "एवढ्याशा वस्तूला साडेअकरा हजार? निदान यात गाणी तरी भरता येतात का?"

ज्यांनी अशी लेक्चर्स कधी घेतली नाहीत त्यांच्यासाठी आधी सांगते. पेनड्राइव्हमध्ये व्हिडिओच्या फाइली असतात पण त्या कुलूपबंद असतात, साध्या प्लेयरवर टाकल्या तर उघडतच नाहीत. क्लासवाल्यांचा स्वतःचा एक प्लेयर असतो, फक्त विंडोजवर चालणारा. तो इन्स्टॉल करायचा, ईमेलवर आलेली की, म्हणजे ॲक्टिव्हेशनचा कोड, टाकायची, त्या वेळेपुरतं नेट लागतं. तेव्हा तो प्लेयर तुमच्या लॅपटॉपची ओळख घेतो, म्हणजे मदरबोर्डचा नंबर, हार्डडिस्कचा नंबर, नेटवर्क कार्डचा नंबर असलं काहीबाही एकत्र करून एक आयडी बनवतो, सर्व्हरला पाठवतो आणि त्या आयडीसाठीच लायसन्स येतं, ते कुठंतरी लपवून ठेवलेलं असतं. पुढं नेट नसलं तरी चालतं. म्हणजे पेनड्राइव्हची कॉपी मैत्रिणीला दिली तरी तिच्याकडं नुसत्या जड फाइली जातात. वर दीड व्ह्यू, म्हणजे शंभर तासांचं लेक्चर असेल तर दीडशे तास बघायला मिळणार, आणि व्हॅलिडिटीची तारीख वेगळी. हे सगळं घेताना वाचलं होतं. वाचलं होतं म्हणजे टिक केलं होतं.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला त्या संध्याकाळी लॅपटॉप चार्जिंगला होता. वीज कडाडली, घरातले दिवे गेले, आले, आणि लॅपटॉप काही उठेना. विश्रामबागेतल्या रिपेअरवाल्या दादांकडे नेला. दोन दिवसांनी म्हणाले बोर्ड गेलाय, एसएसडी वाचलीय. मला काय, डेटा वाचला म्हणजे लेक्चर्सपण वाचली असंच वाटलं. बोर्ड यायला नऊ दिवस गेले, तोवर मी प्रोसेस कॉस्टिंग या चॅप्टरचे सम्स वहीवरून करत बसले.

लॅपटॉप घरी आला, चालू केला, पहिलं काय केलं तर प्लेयर उघडला. इथंच चुकलं. नवीन बोर्डचं घड्याळ कुठल्या कुठं होतं, तारीख सहा वर्षं मागची दाखवत होतं, माझं लक्षच गेलं नाही. मदरबोर्डवर एक बटणासारखा गोल सेल असतो, त्यावर घड्याळ चालतं, बोर्ड नवीन असला किंवा सेल मेला की तारीख अशी भलतीच होते. प्लेयर मात्र शेवटचं लेक्चर कधी बघितलं ते लिहून ठेवतो. त्याला दिसलं की आज त्या तारखेच्या आधीचा दिवस आहे, म्हणजे ही बाई व्हॅलिडिटी वाढवायला तारीख मागे नेतेय. सिस्टीम डेट बदललीय असा मेसेज टाकून बंद. मग मी ब्राउजर उघडला तर तिथंपण एकही साइट धड उघडेना, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणे. तेव्हा कुठं कोपऱ्यातल्या तारखेकडं बघितलं.

तारीख नीट केली, टाइम सिंक केला, परत प्लेयर उघडला. आता वेगळा मेसेज, हे लायसन्स या मशीनसाठी नाही. बरोबरच होतं त्याचं, बोर्ड बदलला म्हणजे त्याच्या हिशोबाने लॅपटॉपच बदलला. एसएसडी तीच, विंडोज तेच, स्क्रीनवरचा ओरखडासुद्धा तोच, पण ओळख बोर्डावर टांगलेली. विंडोजचं स्वतःचं लायसन्सपण असंच बोर्डाला बांधलेलं असतं, कोपऱ्यात ॲक्टिव्हेट करा ॲक्टिव्हेट करा चालू झालं होतं, ते दादांनी करून दिलं. म्हणजे एकटा प्लेयर काही जगावेगळा नव्हता. पण हे शहाणपण आत्ताचं, तेव्हा मी नुसती रडकुंडीला आले होते.

आणि रडकुंडीला आलेला माणूस जे करतो ते मी केलं. सगळं फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकलं, म्हटलं पाटी कोरी केली की सुरू होईल. कुणी हा अनुभव अशाच कारणासाठी वाचत असेल तर एवढं एक ऐका, सपोर्टशी बोलायच्या आधी फॉरमॅट मारू नका. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये जुनं लायसन्स आणि किती तास बघून झाले त्याचा हिशोब होता. ते दाखवून ट्रान्सफर सोपं झालं असतं. मी स्वतःच्या हातानं पुरावा पुसला.

सपोर्टला फोन केला तर "मॅडम, एररचा स्क्रीनशॉट पाठवा." स्क्रीनशॉट काढला, काळा. परत काढला, परत काळा. अर्थातच, प्लेयरची खिडकी स्क्रीनशॉटमध्ये येऊच नये अशी सोय केलेली असते, ती एररच्या मेसेजलापण लागू! शेवटी मोबाइलनं फोटो काढला. मग म्हणाले, "आम्ही रिमोटनं बघतो, ते ॲप टाका आणि नंबर सांगा." टाकलं. त्यांनी माझ्या लॅपटॉपवर येऊन प्लेयर उघडला तर मेसेज, स्क्रीन शेअरिंग सॉफ्टवेअर चालू आहे, आधी बंद करा. सपोर्टवाला दोन मिनिटं गप्प बसला. मला हसू आवरेना आणि रागपण येत होता. मग ते फोनवर सांगणार, मी करणार, फोटो काढून पाठवणार, असं दोन दिवस चाललं.

ट्रान्सफरसाठी त्यांना रिपेअरचं बिल हवं होतं ज्यावर बोर्ड बदलल्याचं आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहिलेला आहे. माझ्याकडे होता एक कागदाचा चिटोरा, त्यावर "बोर्ड" आणि रक्कम. परत विश्रामबाग. दादांनी बिलबुकावर नीट लिहून शिक्का मारून दिलं आणि वर विचारलं, "काय ताई, क्लेम टाकताय का?" म्हटलं नाही ओ दादा, अभ्यास करायचाय. बिल, आयडी, ऑर्डर नंबर, नवीन मशीनचा आयडी (हा प्लेयरच्या लॉगिन स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात असतो, कॉपी होत नाही, बघून टाइप करावा लागतो, शून्य आणि ओ मध्ये मी एकदा गंडले) हे सगळं मेल केलं. पाचव्या दिवशी नवीन की आली. सोबत एक ओळ, ट्रान्सफर एकदाच मिळतं.

की टाकली, ॲक्टिव्हेट झालं, माझं नाव आलं, चॅप्टरची लिस्ट आली. पहिलं लेक्चर दाबलं. हे सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालत नाही.

कसलं व्हर्च्युअल मशीन? समोर खराखुरा लॅपटॉप आहे, मांडीला चटका बसतोय त्याचा! सपोर्टनं सांगितलं ॲंटिव्हायरस काढा, काढला, काही नाही. प्लेयर परत टाका, टाकला, काही नाही. रात्री दीडपर्यंत शोधत बसले तेव्हा उलगडा झाला. कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर चालवता येतो आणि बाहेरून त्याचा स्क्रीन रेकॉर्ड करता येतो, म्हणून हे प्लेयर व्हर्च्युअल मशीन दिसलं की बंद होतात. आता विंडोज ११ नव्यानं टाकलं की बऱ्याच मशीनवर मेमरी इंटिग्रिटी नावाचं सुरक्षेचं एक सेटिंग आपोआप चालू असतं, आणि ते चालवायला विंडोज स्वतःच्या खाली हायपरव्हायझर नावाचा, व्हर्च्युअल मशीन चालवणारा एक थर घालतं. म्हणजे माझं खरं विंडोजसुद्धा त्या थरावर बसलेलं. प्लेयरला तो थर दिसला आणि तो म्हणाला सापडली चोर. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये हे सेटिंग बंद होतं, म्हणून कधी अडलं नव्हतं. म्हणजे हीपण फॉरमॅट मारण्याचीच फळं.

उपाय असा, विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, तिथं मेमरी इंटिग्रिटी बंद. शिवाय कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज फीचर्स चालू-बंद करायची लिस्ट असते त्यात हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज सँडबॉक्स यांच्यावर टिक असेल तर काढायची, मग रीस्टार्ट. माझ्याकडं व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्मवर टिक होती, कशी ते देवाला ठाऊक. दोन्ही बंद केलं आणि चाललं. सरांचा आवाज ऐकून आई आतून बाहेर आली, म्हणाली "आले का गं सर?" जणू पाहुणेच. एक मात्र खटकलं, पैसे भरून घेतलेली लेक्चर्स बघायला मला माझ्या लॅपटॉपची सुरक्षा कमी करावी लागली. मी ते सेटिंग अभ्यास झाला की परत चालू करायचे, दर वेळी रीस्टार्ट, नंतर आठवडाभरात कंटाळले आणि सोडून दिलं.

मधल्या काळात एक मैत्रीण म्हणाली होती, "कशाला एवढी मरमर, टेलिग्रामवर सगळी पडलीत की." पडलीत, खोटं नाही. मी एका चॅनेलवर जाऊन बघितलंपण. आमच्या प्लेयरमध्ये व्हिडिओवर आपलाच मोबाइल नंबर फिरत असतो, कधी या कोपऱ्यात कधी सरांच्या नाकावर, तो एवढ्याचसाठी की कुणी मोबाइलनं शूट केलं तरी कुणाचं लायसन्स ते कळावं. त्या चॅनेलवरच्या व्हिडिओत तो नंबर पुसल्याचा धुरकट ठिपका फळ्यावर फिरत होता आणि नेमका आकड्यांवरून जात होता. कॉस्टिंगमध्ये आकडेच दिसेनात तर काय बघायचं! आणि २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टानं कोचिंगचं मटेरियल वाटणाऱ्या चॅनेलवाल्यांची माहिती टेलिग्रामला द्यायला लावली होती हे वाचलेलं होतं, त्यामुळं तिथं फार रेंगाळले नाही. कुलूपच तोडायचं का असंही मनात आलं, शेवटी पैसे माझेच होते. कॉपीराइट ॲक्ट १९५७ चा, पण २०१२ च्या दुरुस्तीत ६५ए कलम आलं, हक्काचं उल्लंघन करायच्या हेतूनं असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आता माझा हेतू नुसता मार्जिनल कॉस्टिंग बघण्याचा होता, पण ते कुणाला पटवत बसू? शिवाय लायसन्सच्या अटीत अकाउंट रद्द करायचं लिहिलेलं. सोडून दिलं.

बारीकसारीक त्रास नंतरही झाले. डोळे दुखायला लागले म्हणून लॅपटॉप एचडीएमआयनं टीव्हीला जोडला तर टीव्हीवर आवाज आणि काळा पडदा, दुसरा स्क्रीन चालतच नाही यांच्यात, रेकॉर्डिंगच्या भीतीनं. ॲंटिव्हायरस परत टाकला तर त्यानं प्लेयरची एक फाइल व्हायरस समजून कोंडून ठेवली, ती सोडवून प्लेयरच्या फोल्डरला सूट द्यावी लागली. हे दोन्ही तासाभरात निपटलं.

खरा घोळ तासांचा. नवीन कीमध्ये त्यांनी शिल्लक तास भरून दिले ते त्यांच्या सर्व्हरवरच्या शेवटच्या नोंदीवरून. आणि मी महिनाभर ऑफलाइन बघत होते, सिंक केलंच नव्हतं, म्हणजे नेट जोडून नोंदी त्यांच्याकडं पाठवल्याच नव्हत्या. म्हणजे त्यांच्या नोंदीत मी बघितलेलं कमी, माझे तास जास्त! एवढ्या सगळ्या भानगडीत एवढंच एक माझ्या बाजूनं पडलं. मी काही कळवलं नाही, कळवायला हवं होतं का तुम्ही ठरवा. वर दीडच्या स्पीडनं बघितलं की आमच्या प्लेयरमध्ये घड्याळाचा वेळ कापला जातो, लेक्चरचा नाही, म्हणजे साठ मिनिटांच्या लेक्चरला चाळीस मिनिटंच जातात. हे मला ऑगस्टमध्ये कळलं, दोन लेक्चर्स बघून वहीत आकडे मांडून खात्री केली, कॉस्टिंगचा एवढा तरी उपयोग. मग स्टँडर्ड कॉस्टिंग अख्खं दीडनं बघितलं, व्हेरियन्सचे फॉर्म्युले सर म्हणायच्या आधी मी म्हणायला लागले.

सप्टेंबरचा अटेम्प्ट दिला. ऑक्टोबर अखेर व्हॅलिडिटी संपली त्या दिवशी उगाच प्लेयर उघडून बघितला, शिल्लक अकरा तास वीस मिनिटं. माझ्या मैत्रिणीचे प्रोसेस कॉस्टिंगमध्येच तास संपलेत, जानेवारीला बसायचंय तिला, पण ते तिला देता येत नाहीत. पेनड्राइव्ह फॉरमॅट करून पप्पांना दिलाय, त्यांनी त्यात अभंग भरलेत आणि गाडीत लावतात.