तुम्ही विचारलंत म्हणून: कोडिंग येत नाही, तरी गेम करायला जमेल का?

कार्यशाळेची तारीख ठरली की फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, मला कोडिंगमधलं काहीच येत नाही. जमेल का?" विचारणारा कधी बारावी आर्ट्सचा विद्यार्थी असतो, कधी शिरोली एमआयडीसीत शिफ्ट करणारा, कधी लेकीसाठी विचारणारी आई. फोनवर मी "जमतंय, या" एवढंच म्हणते. आज सविस्तर सांगते.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका ओळखीच्यांच्या शिकवणीची खोली रविवारी मोकळी असते. आम्ही चौघं मिळून तिथं लागोपाठ दोन रविवार व्हिडिओ गेम करायला शिकवतो. फी नाही. लॅपटॉप आठ आहेत, म्हणून दोघांत एक.

पहिल्या वेळी माझं चुकलं होतं. मी जशी कॉलेजात शिकले तशीच शिकवायला लागले: व्हेरिएबल (आकडा ठेवायची नाव दिलेली जागा) म्हणजे काय, लूप (तेच काम परत परत करणं) म्हणजे काय, सगळं फळ्यावर. दोन तास पोरं वहीत उतरवून घेत होती. जेवणाची सुट्टी झाली आणि निम्मी परत आलीच नाहीत. त्या पोरांचं मला अजून वाईट वाटतं. "आपल्याला हे जमत नाही" असं मनात घेऊन ती गेली असणार, आणि ते खरं नव्हतं.

आता फळा नंतर येतो. पहिल्या पाव तासात पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे. आम्ही गोडो वापरतो. हे गेम करायचं सॉफ्टवेअर अर्जेंटिनात तयार झालं, २०१४ साली त्याचा कोड सगळ्यांना खुला केला गेला, आणि त्याला पैसे पडत नाहीत. इन्स्टॉल करायची भानगड नसते. पेन ड्राइव्हवरून फाइल घेतली, उघडली, काम सुरू. जुन्या लॅपटॉपवर साधा टू-डी गेम करायला ते पुरतं.

एक चौकोन घ्यायचा, त्याच्याखाली जमीन घालायची. गोडोमध्ये चालण्याचा आणि उडीचा तयार नमुना कोड मिळतो, तो जोडायचा आणि चालवून बघायचा. बाणाचं बटण दाबलं की चौकोन सरकतो, स्पेस दाबली की उडी मारतो. मग मी सांगते, त्या कोडमध्ये उडीपुढे वजा ४०० लिहिलंय, त्यातलं वजा काढून टाका.

खोलीत एकदम गलका होतो. "ताई, ह्यो उडीच मारंना झालाय!" वजा परत घातलं की परत उडतोय. का? पडद्यावरचं माप वरच्या कोपऱ्यापासून सुरू होतं आणि खाली येताना वाढत जातं. म्हणून वर जायचं तर आकडा उणे लागतो. चौकोनाला खाली ढकललं तर खाली जमीनच आहे, जाणार कुठं? हे मी आधी सांगितलं असतं तर कुणाच्या डोक्यात राहिलं नसतं. उडी बंद पडलेली स्वतः बघितली की कुणी विसरत नाही.

मग खाली ओढणारा आकडा बघायचा. गुरुत्वाकर्षण तिथं ९८० असतं. नववीच्या विज्ञानात गतीची समीकरणं असतात, पाठ करून परीक्षेत लिहिलेली. तीच घालून ४०० आणि ९८० वरून उडी किती उंच जाईल ते काढता येतं: साधारण ८२ पिक्सेल. आम्ही कागदावर काढतो, पडद्यावर मोजतो, जवळपास जुळतं. एक मुलगी त्या वेळी म्हणाली, "म्हणजे ते खरं होतं व्हय?" ती कुठल्या शाळेत शिकली ते मी विचारलं नाही, पण तिचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

एवढं झालं की फळा. आता व्हेरिएबल म्हणजे काय हे विचारायला पोरं स्वतः येतात, कारण त्यांना उडीचा आकडा बदलता यायला हवा असतो. कोड इंग्रजीत असतो, हे खरं. पण पहिल्या गेमला लागणारे शब्द वीस-पंचवीसच्या वर जात नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलांना त्याची भीती तासाभरापेक्षा जास्त टिकलेली मी पाहिली नाही.

पडद्यावर मात्र मराठीच हवी असते सगळ्यांना. जिंकल्यावर "जिंकलास भावा!" आलंच पाहिजे. गोडोच्या जुन्या आवृत्तीत यानं रडवलं होतं. "जिं"मधली पहिली वेलांटी ज च्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसायची आणि "कोल्हापूर"मधलं जोडाक्षर फुटून ल चा पाय मोडलेला दिसायचा. पोरं विचारायची, ताई, काय चुकलं आमचं? त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. अक्षरं एकमेकांशी जोडून मांडायची सोय त्यात नव्हती. मार्च २०२३ मध्ये गोडो ४ आलं, त्यात ती सोय आली. आता बालूसारखा मोफत देवनागरी फाँट घातला की सगळं नीट उमटतं. आपल्या लिपीतला आपला शब्द आपण केलेल्या गेममध्ये सरळ उभा राहिलेला बघणं ही लहान गोष्ट नाही.

यापुढचा अडथळा कोडिंगचा नसतो, आणि त्याबद्दल फोनवर कुणीच विचारत नाही. प्रत्येकाच्या मनात गेम फार मोठा असतो. आमच्याकडं येणाऱ्या तिघांतल्या एकाला तरी पन्हाळा ते विशाळगड करायचं असतं: रात्र, पाऊस, पालखी, मागं सिद्दी जौहरचे घोडेस्वार, वाटेत खिंड, शेवटी तोफांचे आवाज. ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण दोन रविवारात ते होत नाही, दोन वर्षांतही एकट्याच्यानं होणं कठीण. म्हणून आम्ही सांगतो, त्यातली फक्त खिंड घे. एक पडदा, एक माणूस, समोरून येणारे गडी. तो अडवत राहतो आणि तोफ वाजेपर्यंत टिकला तर जिंकला. काही पोरं खट्टू होतात. मग मी त्यांना पाँग या जुन्या गेमचं सांगते. १९७२ साली अटारी या गेम कंपनीत नव्यानं आलेल्या अ‍ॅलन अल्कॉर्न या इंजिनिअरला हात बसावा म्हणून सरावाचं काम दिलं होतं: दोन फळ्या आणि एक चेंडू. ते सरावाचं काम इतकं छान झालं की कंपनीनं तेच बाजारात आणलं. आमच्या पहिल्या रविवारी होतो तो गेम त्याच मापाचा असतो.

आता सगळ्यात अवघड भाग. दुसऱ्या रविवारी दुपारनंतर प्रत्येकाचा गेम दुसऱ्या कुणीतरी खेळायचा, आणि ज्यानं केला त्यानं मागं उभं राहून गप्प बसायचं. "तिकडं नको, इकडून जा" म्हणायचं नाही. गेम घरोघरी जाईल तेव्हा तुम्ही प्रत्येकाच्या मागं उभे असणार आहात का? मग आत्ताही नाही. ही पंधरा मिनिटं कुणालाही सोपी जात नाहीत. कोड न चालल्यावर न रडलेली पोरं इथं रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत.

मागच्या खेपेला अकरावीतल्या एका मुलाला न्यायला त्याचे वडील आले होते. उद्यमनगरात लेथवर काम करतात, बोटांच्या रेषांत तेल मुरलेलं. खेळणारं माणूस कमी होतं म्हणून मी त्यांनाच बसवलं. ते आधी लॅपटॉपला हात लावायला तयार नव्हते, रुमालानं हात पुसले, मग बसले. पहिल्याच खड्ड्यात पडले. परत पडले. तिसऱ्यांदाही पडले. मुलाचे ओठ घट्ट मिटलेले, कान लाल.

"मी काठावरच उडी मारली की," वडील म्हणाले. "तरी पडलोच."

मुलाला नियम मोडून बोलायचं होतं, मी मान हलवून नाही म्हटलं. वडिलांनी पडद्याजवळ वाकून काठाकडं बघितलं आणि मागं न वळताच म्हणाले, "क्लिअरन्स दिला न्हाईस तू. पिन आन् भोक एकाच मापाचं केलं तर पिन बसंल का?"

गेम करणारे लोक नेमकं हेच करतात. जमीन संपल्यावरही साधारण एक दशांश सेकंद उडी चालू देतात, कारण माणसाचं बोट काठावर नेमकं कधीच पडत नाही. खेळणाऱ्याला ती सूट कळतही नाही, गेम आपलं ऐकतो एवढंच वाटतं. हे मी पुढच्या भागात शिकवणार होते. त्यांनी ते आयुष्यभराच्या कामातून सांगितलं, कोडची एक ओळही न बघता. तेव्हा "काहीच येत नाही" म्हणून फोन करणाऱ्यांनो, तुम्ही शिवणकाम करत असाल, तालमीत जात असाल, पेठेच्या टीममधून फुटबॉल खेळत असाल, तर ते सगळं घेऊन या. त्याचा उपयोग होतो.

मुलानं लॅपटॉप ओढून घेतला. जमीन सुटल्यापासूनची वेळ मोजायला एक व्हेरिएबल घातलं, ०.१ लिहिलं, एकदा चुकलं, मागंपुढं करून दुरुस्त केलं. दहा मिनिटं लागली. वडील तोवर जागचे हलले नाहीत. चौथ्यांदा त्यांनी खड्डा ओलांडला आणि लगेच पुढच्या काट्यावर मेले.

"परत लाव," ते म्हणाले.