कोलेस्टिरामाइनची पुडी आणि घड्याळ

कोलेस्टिरामाइन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं, पुडीतून मिळणारं भुकटीचं औषध. ते रक्तात शोषलंच जात नाही. त्याचं सगळं काम आतड्यात. चरबी पचवण्यासाठी यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. त्यातली ९५ टक्क्यांच्या आसपास लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषली जातात आणि पुन्हा वापरली जातात. ही भुकटी त्यांना आतड्यातच धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. मग नवी पित्ताम्लं बनवण्यासाठी यकृत रक्तातलं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ओढून घेतं. पूर्ण डोसला एलडीएल साधारण १५ ते ३० टक्के उतरतं. यकृत स्वतःचं कोलेस्टेरॉलही जास्त बनवू लागतं, म्हणून एका मर्यादेपुढे परिणाम वाढत नाही. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध नेमकी तीच निर्मिती रोखतं, त्यामुळे दोघांची जोडी छान जमते.

एका पुडीत ४ ग्रॅम औषध असतं. भुकटी कोरडी कधीच तोंडात टाकू नये, घशात अडकते. अर्धा ते पाऊण पेला पाण्यात किंवा रसात टाका, मिनिट-दोन मिनिटं भिजू द्या, मग ढवळा. विरघळणार नाही, रवाळच राहील. जेवणाबरोबर प्या, तोंडात घोळवू नका (दातांवर डाग पडतात), आणि पेल्याच्या तळाशी जे उरेल त्यात पाणी घालून तेही प्या.

सर्वांत जास्त गडबड वेळेची होते. ही भुकटी पित्ताम्लांबरोबर इतर औषधंही पकडते: थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी), वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं), डिगॉक्सिन (हृदयाचं). अशी औषधं एरवी पुडीच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यायची. पण थायरॉईडच्या गोळीला आधीचा एक तास पुरत नाही, चार तास हवेत. सकाळी सहाला गोळी घेतली, तर आठच्या नाश्त्याबरोबर पुडी नको, दुपारच्या जेवणाला घ्या. हे पाळलं नाही की टीएसएच (थायरॉईडची गोळी कमी पडली की वाढणारं संप्रेरक) चढतं आणि थायरॉईडचा डोस विनाकारण वाढवला जातो.

बद्धकोष्ठता अनेकांना छळते. सुरुवात एका पुडीने करून हळूहळू वाढवली, पाणी भरपूर प्यायलं, तर बरंच निभतं. त्रास सोसवला नाही म्हणून लोक हे औषध सोडतात. सोडण्याआधी डॉक्टरांना कोलेसेव्हेलाम या त्याच प्रकारच्या औषधाबद्दल विचारा. ६२५ मिलिग्रॅमच्या दिवसाला सहा गोळ्या, पोटाला त्रास कमी, आणि टाइप २ मधुमेहात साखरही थोडी उतरते.

ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) आधीच ४०० च्या वर असेल तर ही औषधं टाळतात, कारण त्यांनी ते आणखी वाढतं. म्हणून सुरू करण्याआधी नुसतं एलडीएल नको, पूर्ण लिपिड प्रोफाइल करून घ्या.