डबे, तारा आणि एक लाल रेघ

आकृती काढून एखादी गोष्ट सिद्ध केली की समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "छान, कळलं. आता नीट पुरावा लिहून दाखव." हे इतक्यांदा ऐकलंय की हल्ली मीच उलट विचारते, "या आकृतीत नीट नाही असं काय आहे?" बहुतेकांकडे उत्तर नसतं. चित्र समजावण्यापुरतं आणि चिन्हं तेवढी खरी, हा शाळेपासूनचा संस्कार. चुकीच्या काढलेल्या त्रिकोणावर विसंबून पुष्कळ जण फसलेत, त्यामुळे भूमितीपुरता तो ठीकही आहे. मी बोलतेय ते स्ट्रिंग डायग्रामबद्दल.

त्यात प्रक्रिया म्हणजे डबा आणि तिचे इनपुट-आउटपुट म्हणजे तारा. मी वरून खाली वाचते. एका डब्याची तार खालच्या डब्याला जोडली की "आधी हे, मग ते". दोन डबे शेजारी ठेवले की "हेही आणि तेही", एकमेकांशी संबंध नाही. एवढ्या सामग्रीला कॅटेगरी थिअरीत, म्हणजे गोष्टी एकमेकींना कशा जोडल्या जातात हे बघणाऱ्या गणिताच्या शाखेत, मोनॉइडल कॅटेगरी म्हणतात. आता चार डबे घ्या: क खाली ख, शेजारी ग खाली घ. आधी उभ्या जोड्या करून त्या शेजारी ठेवल्या काय, किंवा आधी आडव्या जोड्या करून त्या एकाखाली एक लावल्या काय, चिन्हांत ही दोन वेगळी पदं होतात आणि ती समान आहेत हे गृहीतक म्हणून वेगळं लिहावं लागतं. कागदावर ते एकच चित्र आहे. लिहिण्यासारखं काही उरतच नाही.

ही नुसती सोय नाही. तारा न तोडता आणि एकमेकींवरून न नेता एक चित्र सरकवत सरकवत दुसऱ्यासारखं करता आलं, तर ती समानता मोनॉइडल कॅटेगरीच्या गृहीतकांतून निघतेच. आणि गृहीतकांतून जी निघते ती अशी सरकवूनही दाखवता येते. आंद्रे जॉयाल आणि रॉस स्ट्रीट या गणितज्ञांनी 1991 मध्ये हे सिद्ध केलं. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांनी 1971 मध्येच टेन्सरसाठी (अनेक निर्देशांक असलेल्या संख्यांच्या तक्त्यांसाठी) अशी चित्रं मांडली होती, पण 1984 मध्येही त्यांची तक्रार होती की ही पद्धत खासगी आकडेमोडीपुरतीच कामाची, कारण नेहमीच्या छपाईत ती बसत नाही. म्हणजे खोट होती ती छापखान्याची!

माझा आवडता पुरावा एका वाक्याचा आहे. एकही तार नसलेला डबा घ्या: काही आत जात नाही, काही बाहेर येत नाही. असे दोन, स वर आणि त खाली. अडवायला तार नाही, म्हणून स उजवीकडून खाली सरकवा, त डावीकडून वर. मध्ये क्षणभर दोघं एका पातळीवर येतात आणि मग त वर, स खाली. झालं. "आधी स मग त" आणि "आधी त मग स" एकच. क्रमनिरपेक्षता कुणी गृहीत धरली नव्हती, ती कागदाला दोन दिशा आहेत म्हणून मिळाली. क्वांटमच्या गणितात हे तारहीन डबे म्हणजे संमिश्र संख्या, संबंधांच्या जगात नुसतं खरं-खोटं. क्वाटर्नियन, म्हणजे चार घटकांच्या संख्या, मात्र तिथे कधीच बसणार नाहीत, कारण त्यांचा गुणाकार क्रमावर अवलंबून असतो. कागदावर दोन ठिपके फिरवून इतकी मोठी गोष्ट नाकारता येते, याची मला अजून गंमत वाटते.

पण माझं पोट भरतं प्रोग्रामिंगवर, आणि तिथे सरकवासरकवी अंगाशी येते. ग आणि क शेजारी-शेजारी आहेत, दोघांचा डेटा वेगळा, तारा वेगळ्या, पण दोघंही एकाच लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, ओळ लिहितात. चित्र म्हणतं, कुणालाही आधी चालवा. लॉग म्हणतो, ओळी उलट्या आल्या. जॉन पॉवर आणि एडमंड रॉबिन्सन या संगणकशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये अशा जगासाठी प्रीमोनॉइडल कॅटेगरी मांडली, म्हणजे सरकवण्याची मुभा काढूनच घेतली. मला त्याच सुमाराची दुसरी युक्ती जास्त पटते: जे डबे लिहितात, छापतात, स्टेट बदलतात, त्या सगळ्यांतून एक जादा तार ओवायची. मी ती लाल पेनाने काढते. लाल तारेवरचे डबे माळेत ओवल्यासारखे क्रमाने राहतात, बाकीचे हवे तसे हलतात. एका सहकाऱ्याला हा जुगाड वाटतो. मला वाटतं, लॉग हे इनपुटही होतं आणि आउटपुटही, आपण त्याची तार काढायचा आळस केला होता, इतकंच.

याहून अवघड प्रश्न कंपोझिशनॅलिटीचा. चित्रं जोडली की चित्र मिळतं, यात विशेष काही नाही. प्रश्न असा की तुकड्यांच्या उत्तरांवरून अख्ख्याचं उत्तर मिळतं का? उदाहरण छोटंसं आहे. अ पासून ब पर्यंत वाट आहे का, हे बघायचंय. नकाशा मध्ये कापलाय, आणि कापावर 1, 2, 3 हे बिंदू आहेत. डाव्या भागात दोन बाण: अ कडून 1 कडे, आणि 2 कडून 3 कडे. उजव्या भागातही दोनच: 1 कडून 2 कडे, आणि 3 कडून ब कडे. डावीकडचा सांगतो, "अ वरून फक्त 1 गाठता येतो." उजवीकडचा सांगतो, "ब ला फक्त 3 वरून जाता येतं." दोघं खरंच बोलतायत. दोन्ही उत्तरं जोडली तर वाट नाही, आणि प्रत्यक्षात आहे: अ, 1, 2, 3, ब. ती काप तीनदा ओलांडते आणि मध्येच मागे वळते, म्हणून कुणाच्याच हिशेबात येत नाही.

दुरुस्ती अशी की प्रत्येक भागाने कापावरच्या बिंदूंमधल्या आपल्या वाटाही कळवायच्या, मग डावी-उजवी माहिती नवं काही निघेनासं होईपर्यंत आलटून पालटून लावायची. आता तुकड्यांवरून अख्खं निघतं. फक्त अहवाल फुगतो: कापावर 3 बिंदू असतील तर 6 हो-नाही, 10 असतील तर 90. त्यामुळे कापायचं कुठून यालाच सगळी किंमत येते, कमीत कमी तारा तुटतील तिथून. आमच्या डेटा पाइपलाइनचे तुकडे टीमनुसार पाडलेत. मी तारा मोजून बघितल्या तर सोयीची जागा एका टीमच्या कोडच्या बरोबर मधून जाते, आणि ती टीम अर्थातच खूश नाही.