हबमध्ये दोन पोरं आणि पश्चिमेकडून आलेले ढग

साक्री-नंदुरबार रस्त्याने गेलेल्यांना छडवेल-ब्राह्मणवेलच्या पठारावरचे पंखे माहीत असतीलच. पवनचक्क्यांना लोक पंखेच म्हणतात, आम्ही मशीन म्हणतो. मी तिथे साईटवर शिफ्ट बघतो, म्हणजे कोणती टीम कोणत्या लोकेशनला गेली, कोण वर चढलंय, कोण खाली आलंय हे सगळं माझ्या रजिस्टरला. हा किस्सा २६ नोव्हेंबर २०२३ चा, रविवार होता. ज्यांना तो अवकाळी आठवतोय त्यांना तारखेवरूनच कळलं असेल.

आधी एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे वारा मे ते सप्टेंबर. तेव्हा मशीनला हात लावायचा नाही, एक तास बंद ठेवलं तरी वरून फोन येतात. दिवाळी झाली की वारा पडतो, पाती दिवसभर नुसती उभी, आणि मग आमची मेंटेनन्सची खरी धावपळ सुरू होते. ऑईल बदलायचं, ग्रीसिंग, बोल्ट टॉर्क, पिचच्या, म्हणजे पाती वळवणाऱ्या यंत्रणेच्या बॅटऱ्या, सगळं नोव्हेंबर ते जानेवारीत काढायचं. म्हणजे वर्षात सगळ्यात जास्त माणसं टॉवरवर असतात ती थंडीत, आणि थंडीत आभाळाकडे कोणी बघतच नाही. पावसाळ्यात वीज चमकली की पोरं सांगायच्या आत खाली, नोव्हेंबरात ढग दिसले तर म्हणतात बरं झालं, ऊन लागत नाही.

हवामान खात्याचा इशारा होता, अचानक काही नव्हतं ते. उत्तरेकडे पश्चिमी झंझावात आलेला, खाली अरबी समुद्रावरून बाष्प येत होतं, दोन्ही गाठ पडली की गुजरात आणि आपला खान्देश-नाशिकचा पट्टा मधोमध सापडतो. वर थंड हवा असते म्हणून पावसाबरोबर गारा पण येतात. पण आपल्याकडे इशारा व्हॉट्सॲपवर फिरतो आणि त्याच्याखाली गुड मॉर्निंगचं फूल येतं, संपला विषय. सकाळच्या टूलबॉक्स मीटिंगमध्ये, म्हणजे कामाआधी सुरक्षेचं बोलतात त्यात, मी बोललो, सगळ्यांनी माना हलवल्या, दुपारपर्यंत आभाळ स्वच्छ होतं आणि माना हलवलेलं विसरूनही झालं.

माझं आभाळाकडे लक्ष गेलं ते मेव्हण्यामुळे. तो सुरतला, उधन्यात लूमवर. खान्देशातल्या निम्म्या घरांचं कोणी ना कोणी सुरतला आहेच, लिंबायत-पांडेसरा म्हणजे आपलाच एक तालुका समजा. त्याचा फोन आला, "दाजी, आठे सकायपाईन धो धो पानी चालू शे, गर्जना बी शे." २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ सुरतेकडे येऊन विरलं तेव्हाही त्याचाच फोन होता, पण ते नुसतंच भुरभुरलं होतं. गर्जना म्हणाला म्हणून मी बाहेर येऊन बघितलं, तर कोंडाईबारी घाटाच्या अंगाने क्षितिजाला एक काळपट पट्टी. दामिनी ॲप उघडलं, पुण्याच्या आयआयटीएमवाल्यांचं आहे ते, वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात वीज असेल तर सांगतं. चाळीसच्या टप्प्यात ठिपके यायला लागले होते.

वॉकीवर सगळ्यांना खाली बोलावलं. चार टीम वर होत्या. तीन टीमनी दहा-पंधरा मिनिटांत खाली आल्याचं कळवलं. चौथ्या टीमचं उत्तर आलं, "सर, आठ बोल्ट राहिलेत फक्त."

हे आठ बोल्ट राहिलेत वालं वाक्य मी एवढ्यांदा ऐकलंय की काय सांगू. टॉवर सत्तर मीटरच्या वर, आतून शिडीने हार्नेस लावून चढायचं, लिफ्ट नाही, वर पोचेपर्यंत मांड्या भरून येतात. एवढं चढल्यावर आठ बोल्टसाठी उद्या पुन्हा कोण चढणार, त्यामुळे पोरांची चूक म्हणावी तरी कशी. पण ही दोघं नुसती नॅसेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या टोकावरच्या यंत्राच्या खोलीत नव्हती, हबमध्ये होती. हब म्हणजे पुढचं डोकं, जिथे तिन्ही पाती जोडलेली असतात. आमच्या या मशीनला नॅसेलच्या छपरावर निघून, हूक अडकवत पुढे जाऊन हबमध्ये उतरावं लागतं आणि येताना पण तसंच. म्हणजे वीज आली तर त्या अख्ख्या पठारावर सगळ्यात उंच उघडा माणूस तोच.

आणि दुसरी भानगड रोटर लॉकची. हबमध्ये माणूस जाणार म्हणजे पातं फिरता कामा नये, म्हणून जाडजूड लोखंडी पिन घालून रोटर लॉक करतात. काम झालं की पिन काढायची. तशीच ठेवून निघून आलात आणि वर वादळ आलं तर सगळा जोर त्या पिनेवर. मशीनला वादळात मोकळं राहू द्यावं लागतं, पात्यांची कड वाऱ्याकडे वळवून ते आपोआप सावकाश फिरत राहतं, त्यातच त्याची सुटका असते. बरं, पिन काढायची ती पण वारा यायच्या आधी, कारण पात्यावर वाऱ्याचा लोड आला की पिन दाबली जाते आणि हलता हलत नाही.

मी म्हणलं, बोल्ट सोडा, टूल तिथेच राहू द्या, पहिले हबमधून बाहेर या आणि मला पिन निघाली म्हणून सांगा. गाडी घेऊन निघालोच मी त्या लोकेशनला, ड्रायव्हर सोबत. ऑफिसमधल्या पोराला सांगितलं स्काडावर, म्हणजे सगळ्या मशीनचे आकडे दिसतात त्या कॉम्प्युटरवर, त्या मशीनचा वारा वाचत राहा. निघालो तेव्हा तीन मीटर पर सेकंद, म्हणजे मशीन जेमतेम सुरू होईल एवढा. अर्ध्या रस्त्यात तो म्हणाला सात, मग एकदम अकरा. वाऱ्याची दिशा पण फिरली, आणि गार. ज्याने शेतात काम केलंय त्याला हा गार वारा बरोबर कळतो, पाऊस पाच मिनिटांवर असतो.

पहिली चमक दिसली आणि मी मोजायला लागलो. तीन सेकंदाला एक किलोमीटर असा साधा हिशोब. बावीसला आवाज आला, म्हणजे सात किलोमीटर. आमच्याकडे तीसच्या आत आवाज आला की कोणी वर राहायचं नाही असा नियम आहे. वॉकीवर विचारलं तर एक जण छपरावरून नॅसेलमध्ये आलेला, दुसरा येतोय. नंतर दोघांचाही आवाज बंद. पिन अडकली होती. ते मला नंतर कळलं, तेव्हा नुसती खरखर ऐकू येत होती. ब्रेक थोडा सोडून रोटरला केसभर मागे जाऊ द्यायचं आणि तेवढ्यात दुसऱ्याने पिन खेचायची, दोन-तीनदा केलं तेव्हा निघाली म्हणे. वॉकीवर "पिन आऊट, उतरतोय" ऐकलं तेव्हा मी टॉवरपासून शंभर-दीडशे मीटरवर असेन, आणि समोर बघतो तर टॉवरच्या बुडाला मेंढ्या.

दोन-तीनशे असतील. ठेलारी मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मुक्काम होता, हे लोक आमच्या पठारावर थंडीत असतातच. घोड्यावर बिऱ्हाड, दोन बाया, तीन लहान पोरं, एक म्हातारा बाबा, दोन गडी. पावसाचा अंदाज आला म्हणून सगळे टॉवरच्या आडोशाला, ट्रान्सफॉर्मरच्या जाळीला अगदी लागून बसलेले. मी ओरडत गेलो, बाबा इथून उठा. तर तो शांतपणे म्हणतो, "लोखंड वीज ओढी लेस, आम्हले काय व्हस नही."

अर्धं बरोबर आहे त्याचं, म्हणूनच समजावणं अवघड. टॉवर वीज घेतोच, पात्याच्या टोकाला त्यासाठीच धातूचा तुकडा बसवलेला असतो, तिथून तार, टॉवर, आणि खाली जमिनीत अर्थिंग. पण ती खाली गेलेली वीज जमिनीत पसरते ना. ओल्या जमिनीवर बुडाजवळ उभं राहिलं की एका पायाखाली जास्त व्होल्टेज, दुसऱ्याखाली कमी, आणि करंट एका पायातून दुसऱ्यात. माणसाचे दोन पाय जवळ असतात, जनावराचे पुढचे-मागचे लांब असतात आणि मधे छाती येते. म्हणून एका विजेत कळपच्या कळप मरतो आणि शेजारचा गुराखी कधी कधी वाचतो. एवढं सगळं मी त्याला काय सांगणार होतो त्या वाऱ्यात. मी एवढंच म्हणलं, बाबा, वरून येते ती खालून पसरते, पहिल्या मेंढ्याच जातील. मेंढ्यांचं नाव काढल्यावर उठला. पण उठून म्हणतो, "मेंढरं सोडीसन कथा जाऊ भाऊ?"

बाया-पोरांना आमच्या कॅम्पर गाडीच्या केबिनमध्ये कोंबलं, बंद गाडीसारखी सुरक्षित जागा नाही त्या वेळी, काचा वर आणि कशाला हात लावायचा नाही. गड्यांनी मेंढ्या उताराला हाकल्या, नाल्यात नाही, नाल्याच्या अलीकडे जिथे झाड पण नाही. तेवढ्यात माझी दोन पोरं टॉवरच्या दारातून बाहेर आली, एकाचे हातमोजे वरच राहिलेले, तळहात सोललेला. ती पण गाडीत. म्हणजे पाच सीटच्या केबिनमध्ये किती माणसं होतो ते आरटीओला न सांगितलेलं बरं.

मग जे पडलं ते पडलं. गारा हरभऱ्याएवढ्या, फार मोठ्या नाही, पण आडव्या. पत्र्यावर एवढा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, सगळ्यात लहान पोरगी रडायची थांबून नुसती छताकडे बघत राहिली. स्काडावर त्या मशीनचा वारा एकवीस-बावीसपर्यंत गेला होता. पंचवीसला मशीन स्वतःच बंद होतं तेवढा नाही, पण पिन अडकलेली असती तर पुरे होता.

पाऊस थांबल्यावर पण लगेच बाहेर पडू दिलं नाही कोणाला, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं आणि मशीनजवळ तर तासभर जायचंच नाही. पोरं वैतागली. बाबा मात्र उताराकडे बघत होता, त्याचे गडी मेंढ्यांत घोंगड्या डोक्यावर घेऊन उकिडवे बसलेले दिसत होते.

विजेने एकही मेंढी गेली नाही. पण कोकरं गारठली. भिजलेली लोकर आणि वरून वारा, कोकराला ते सहनच होत नाही. डिसेंबर २०२१ च्या अवकाळीत पुणे-नगरकडे हजारो मेंढ्या अशाच थंडीने गेल्या होत्या. आम्ही जमतील तेवढी कोकरं गाडीत घालून साईटच्या स्टोअरला नेली, कॉटन वेस्टने पुसली, हॅलोजन लावले. कॉटन वेस्टचं अख्खं पोतं गेलं, त्याचा हिशोब मला महिनाअखेरीला द्यावा लागला आणि रिमार्कच्या रकान्यात मी "कोकरे" असंच लिहिलं. काही जगली, काही रात्रीतून गेली. मेलेल्यांचा पंचनामा व्हावा म्हणून मी फोटो काढून दिले बाबाला. पुढे काय झालं तर फिरस्ता माणूस, कोणत्या गावच्या हद्दीत मेली, मालक कुठला, यातच कागद फिरत राहिला. शेतकऱ्याचा सातबारा असतो, याच्याकडे काय दाखवायला.

रात्री बातम्या बघितल्या तेव्हा आकार कळला. गुजरातेत त्या एका दिवसात वीज पडून वीसच्या वर माणसं गेली. निफाडकडे द्राक्षं झोडपली, नंदुरबारला वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारी भिजल्या, लाल चिखल नुसता. लग्नसराई नुकतीच सुरू झालेली, किती मांडव उडाले कोण जाणे.

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी वरून विचारणा आली की रविवारी मेंटेनन्सचे तास कमी का भरले. मी दामिनीचे स्क्रीनशॉट आणि स्काडाचा वाऱ्याचा ग्राफ जोडून पाठवला, त्यावर उत्तर आलं नाही, म्हणजे मान्य समजायचं. आठवड्याने पात्यांची तपासणी झाली तेव्हा दुसऱ्या ओळीतल्या एका मशीनच्या पात्याला टोकाशी काळा डाग आणि चीर सापडली. त्या ओळीला त्या दिवशी सकाळी टीम होती, दुपारच्या जेवणाला खाली आली आणि मी परत पाठवलीच नाही.

आता नोव्हेंबर-डिसेंबरचा प्लॅन लावताना हबचं काम सकाळीच, दुपारनंतर फक्त खालचं पॅनलचं काम, एवढं मी भांडून करून घेतलंय. पोरांना ते आवडत नाही, दोनदा चढावं लागतं म्हणून. ते राहिलेले आठ बोल्ट त्याच दोघांनी बुधवारी चढून टाईट केले आणि मला वॉकीवर एकेक नंबर मोजून ऐकवला, मुद्दाम.