भिंतीपलीकडची नारायणी आणि आमचा चॅटबॉट

मल्याळम लेखक वैकम मुहम्मद बशीर यांची 'मतिलुकळ' (म्हणजे भिंती) ही कादंबरी वाचल्यापासून मी भेटेल त्याला सांगतेय की एआयबद्दल बोलायचं असेल ना तर आधी हे वाचा, छोटंसंच आहे, एका बैठकीत होतं. मल्याळम मला येत नाही, इंग्रजीतून वाचलं. नेरुळला आमच्या मजल्यावर केरळच्या एक काकू राहतात, त्यांनी दिलं.

त्रावणकोरच्या राजवटीविरुद्ध लिहिलं म्हणून बशीर 1940च्या दशकात तिरुवनंतपुरमच्या सेंट्रल जेलमध्ये होते, तिथली ही गोष्ट. मधे उंच भिंत, पलीकडे बायकांचा तुरुंग. पलीकडून नारायणी नावाची कैदी बोलायला लागते आणि दोघं प्रेमात पडतात, एकमेकांना एकदाही न बघता. अदूर गोपालकृष्णन यांच्या यावरच्या पिक्चरमध्येसुद्धा ती दिसत नाही, अभिनेत्री केपीएसी ललिता यांचा फक्त आवाज येतो, आणि तो पुरतो.

मी ऐरोलीला चॅटबॉट टेस्टिंगचं काम करते, त्यामुळे मला लगेच कॉम्प्युटरचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, ॲलन ट्युरिंग आठवला. 1950च्या त्याच्या लेखात हेच आहे, समोरचा दिसत नाही, नुसत्या टाइप केलेल्या उत्तरांवरून ओळखायचं माणूस की मशीन. आम्हीही दिवसभर तेच बघतो, उत्तर माणसासारखं वाटतंय का.

पण बशीर नारायणीची परीक्षा घेतच नाही. उलट तीच मागते, मला गुलाबाचं रोप दे, आणि तो देतो. आणि भिंतीपाशी आली की ती वाळकी काटकी वर उडवते, मी आलेय ही खूण. कोणी काही विचारलेलं नसताना! मी तिथेच अडकले, कारण आमचं मॉडेल, म्हणजे चॅटबॉटमागचा प्रोग्राम, मेसेज आला की चालतं, उत्तर देतं, थांबतं. दोन मेसेजच्या मधे ते कोणाची वाट बघत नसतं. कधी स्वतःहून 'कसे आहात' आलंच तर ते कोणीतरी लावून ठेवलेलं शेड्यूल असतं. ट्युरिंगच्या टेस्टमध्ये एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, त्यात या काटकीला जागाच नाही, आणि माझ्या मते माणूसपण तिथेच आहे, उत्तरात नाही.

बशीरचंच 1944चं 'बाल्यकालसखी' हे पुस्तक पण बघा. मास्तर विचारतात एक आणि एक किती, त्यातला शाळकरी मजीद म्हणतो जरा मोठं एक, कारण दोन नद्या मिळून एक मोठी नदी झालेली त्याने पाहिलीय. मास्तर मारतात. मॉडेलला ट्रेनिंग देताना आपणही आपल्याला हवं त्याच उत्तराला मार्क देतो, मग मजीदचं उत्तर त्यात टिकणार कसं?

काकूंना माझं काटकीचं म्हणणं पटलेलं नाही. त्या म्हणतात, अगं नारायणीबद्दल आपल्याला कळतं ते सगळं बशीरच सांगतो, म्हणजे तीसुद्धा त्याच्या शब्दांतूनच झालीय, मग तुझ्या मशीनमध्ये आणि तिच्यात फरक काय. मुद्दा खरंच भारी आहे. मी म्हटलं, पण त्या शब्दांमागे जेलमध्ये बसलेला एक माणूस होता ना. वाद अजून चालू आहे, आता त्यांनी ओ. व्ही. विजयन यांचं 'खसाक' हे मल्याळम कादंबरीचं पुस्तक हातात दिलंय.